टर्बो डिझेल फोर-बाय-फोरचा एक्झॉस्ट बदलायचा आहे? पांदणीवर चालणाऱ्या गाडीसाठी पहिल्यापासून

'सायलेन्सर बदलला' असं कुणी म्हटलं, की ऐकणारा पहिला प्रश्न विचारतो, आवाज कसा येतो? ही बुलेटने लावलेली सवय. टर्बो डिझेलमध्ये एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारी पाईप-सायलेन्सरची सगळी वाट, बदलण्याची खरी कारणं दोनच आहेत: जळालेल्या वायूला मोकळी वाट देणं आणि ओझ्याखाली इंजिनाची उष्णता थोडी उतरवणं. फक्त आवाजासाठी करणार असाल, तर पैसे टायरमध्ये घाला. आवाजाचा बराचसा धार असलेला भाग टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, आधीच खाऊन टाकतो. सायलेन्सर उडवून हाती येतो तो केबिनमध्ये घुमणारा एक कंटाळवाणा हुंकार.

ज्यांची जुनी थार सीआरडीई, बोलेरो कॅम्पर, स्कॉर्पिओ, सफारी, गुरखा किंवा तत्सम फोर-बाय-फोर वावरात जाते, ट्रॉली ओढते, झडीत पांदण तुडवते, आणि ज्यांनी गाडीखाली आजवर फार तर टॉर्च घेऊन डोकावलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. काम बहुधा मिस्त्रीच करणार. पण काय सांगायचं, काय तपासायचं आणि कुठे 'थांबा भाऊ' म्हणायचं, हे मालकाला कळलंच पाहिजे.

आधी आरसी बघा

गाडी धुराच्या कोणत्या सरकारी मानकाची (बीएस, म्हणजे भारत स्टेज) आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. बीएस ४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून आलं, बीएस ६ हे १ एप्रिल २०२० पासून. आरसीवर मानक लिहिलेलं नसेल तर निर्मितीचा महिना आणि वर्ष बघून अंदाज येतो.

बीएस ६ डिझेलमध्ये टर्बोनंतर लगेच ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट (धुरातले विषारी वायू निवळवणारा डबा) आणि डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी असते. तिच्या आजूबाजूला तापमानाचे सेन्सर आणि दाबातला फरक मोजणाऱ्या दोन बारीक नळ्या असतात. काही गाड्यांत पुढे युरियाच्या द्रवाची व्यवस्थाही असते. यातल्या कशालाही हात लावायचा नाही. 'डीपीएफ काढून रिकामा डबा बसवून देतो, ईसीयूतून (इंजिनाच्या संगणकातून) बंद करून देतो' असं सांगणारे नागपुरातही भेटतील आणि तालुक्यालाही. ते बेकायदेशीर आहे. धूर वाढतो, वॉरंटी जाते आणि एकदा सॉफ्टवेअरची छेडछाड झाली की पुढच्या प्रत्येक बिघाडात खरं दुखणं कोणतं हेच कळेनासं होतं. बीएस ६ गाडीत फार तर डीपीएफच्या मागचा भाग बदलता येतो: मधला पाईप, सायलेन्सर आणि शेपटीचा पाईप. त्याचा फायदाही मर्यादितच, कारण सगळ्यात मोठा अडथळा गाळणीच असते आणि ती जागेवरच राहणार. माझं मत विचाराल तर बीएस ६ गाडीत मूळ पाईप गंजून फुटेपर्यंत काही करू नका.

बीएस ३ आणि बीएस ४ गाड्यांत वाव जास्त आहे. तरी ज्यांच्यात कॅटॅलिस्टचा डबा आहे त्यांनी तो ठेवायचा. तो काढल्याने मिळणारा फायदा नगण्य, डोळ्यांची जळजळ मात्र मागे बसलेल्यांना लगेच जाणवते.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी कलम १८२अ खाली ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९० आहे: पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स जातं. म्हणून सायलेन्सरच्या जागी सायलेन्सर, कॅटॅलिस्टच्या जागी कॅटॅलिस्ट, आणि आवाज कंपनीच्या आसपास, एवढी चौकट धरून चाला. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि वॉरंटीतली गाडी असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

दुखणं एक्झॉस्टचंच आहे का?

गाडी ओढत नाही, चढावर काळा धूर मारते, डिझेल जास्त खाते, म्हणून लोक एक्झॉस्टकडे वळतात. पण काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा हवेच्या बाजूला किंवा इंजेक्टरमध्ये असतं. आपल्याकडे सोयाबीन काढणीच्या आणि तुरीच्या मळणीच्या दिवसांत एअर फिल्टर कुटाराच्या भुकटीने असा भरतो, की बाहेरून ठीक दिसतो आणि झटकला तर ढग उठतो. आधी फिल्टर नवा टाका. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंतचे) होज, म्हणजे रबरी नळ्या, पिळून बघा. चिरलेल्या होजवर तेलकट ओल आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते. इंटरकूलरच्या जाळीत अडकलेलं गवत आणि चिखल काढा. ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप, काजळीने अडकलाय का, तेही मिस्त्रीकडून पाहून घ्या.

एवढं होऊनही गाडी जड वाटली तर पाईपकडे या. इंजिन थंड असताना सायलेन्सरवर रबरी हातोडीने हळू ठोका. आत खुळखुळ वाजलं तर आतली पत्र्याची भिंत सुटलेली आहे, आणि ती वायूची वाट अडवते. खालचा पाईप दगडावर आदळून चेपलाय का बघा. मधला पाईप एका ठिकाणी जरी चपटा झाला असेल, तर बाकीचा कितीही मोठा करून उपयोग नाही. बरेच महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या शेपटीच्या पाईपात कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, तेही टॉर्चने पाहून घ्या. हसू नका, बघा.

शंका उरलीच तर दाब मोजता येतो. मिस्त्रीला टर्बोच्या मागच्या पाईपावर एक छोटा नट वेल्ड करून कमी दाबाचा गेज लावायला सांगा. ट्रॉली भरून, तिसऱ्या गियरमध्ये, चढावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन आकडा लिहून ठेवा. कंपनीची मर्यादा गाडीगणिक वेगळी असते, ती सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. तुमच्यासाठी खरा उपयोग काम झाल्यानंतर त्याच चढावर, तेवढ्याच ओझ्याने पुन्हा मोजण्यात आहे. त्या दोन आकड्यांपुढे मिस्त्रीचं 'आता पळते बघा' याला काही किंमत नाही.

'थोडं बॅकप्रेशर लागतंच भाऊ'

पाईपात वायूचा उलटा दाब (बॅकप्रेशर) हवाच, हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येतं. ते आलंय टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनांतून, तिथेही अर्धवट समजुतीतून. टर्बोचं चाक फिरतं ते त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांच्या फरकावर. पलीकडचा, म्हणजे पाईपातला दाब जितका कमी, तितकं टर्बोला त्याच वायूतून जास्त काम काढता येतं. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, थोडा लवकर येतो आणि पिस्टनला जळका वायू ढकलून काढायला कमी ताकद लागते. टर्बोच्या मागे मुद्दाम दाब ठेवण्याचं काहीच कारण नाही.

मग मिळतं किती? ईसीयूचं ट्यूनिंग तेच ठेवून फक्त पाईप बदलला, तर खालच्या आरपीएमला गाडी थोडी हलकी वाटते आणि चढावर एक्झॉस्टचं तापमान उतरतं. ताकद दुप्पट झाली असं सांगणाऱ्याला पाईप विकायचा असतो.

तापमानाचा मुद्दा विदर्भात जास्त महत्त्वाचा आहे. नवतप्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, अकोला इथे पारा ४५-४६ वर जातो. ३० अंशांच्या हवेपेक्षा ४६ अंशांची हवा सुमारे ५ टक्के विरळ असते. इंजिनात तेवढा प्राणवायू कमी जातो, डिझेल मात्र ओझ्याप्रमाणे हवंच असतं, आणि एक्झॉस्ट तापतो. ट्रॉली ओढणाऱ्याने एक्झॉस्ट तापमानाचा गेज लावून घ्यावा, तो पाईपाइतकाच उपयोगी आहे. टर्बोच्या आधी मोजलेलं तापमान सतत ७०० अंश सेल्सिअसच्या वर राहू देऊ नये, असा ठोकताळा डिझेलवाले धरतात. सेन्सर टर्बोच्या मागे लावला तर ओझ्याखाली आकडा शंभरेक अंशांनी किंवा त्याहूनही कमी दिसतो, हे लक्षात ठेवूनच वाचायचं. सेन्सरसाठी मॅनिफोल्डमध्ये (इंजिनातून टर्बोपर्यंत धूर नेणाऱ्या ओतीव नळीत) भोक पाडायचं असेल तर मॅनिफोल्ड काढूनच पाडा, नाहीतर लोखंडाचा कीस सरळ टर्बोच्या चाकात जातो.

किती इंची पाईप आणि कोणत्या लोखंडाचा

२.२ ते २.६ लिटरच्या इंजिनाला अडीच इंची, म्हणजे ६३ मिलिमीटरचा पाईप पुरतो. फॉर्च्युनरसारख्या २.८ किंवा ३ लिटरच्या गाडीला तीन इंची विचारात घ्यावा. दोन इंचावरून अडीच इंचावर गेलं की पाईपाचं क्षेत्रफळ ५६ टक्क्यांनी वाढतं. आणखी हाव धरून तीन इंची घातला, तर लहान इंजिनाला फायदा काही नाही, उलट ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आणि प्रॉपेलर शाफ्ट (अ‍ॅक्सलकडे ताकद नेणारा फिरता दांडा) यांच्या शेजारी जागाच उरत नाही. मोठा पाईप म्हणजे कमी ग्राउंड क्लिअरन्स हेही विसरू नका. ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा पाईपाला बरोबर सापडतो.

धातूचे तीन पर्याय साधारण मिळतात. साधा एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) पाईप स्वस्त, कुणीही वेल्ड करतो, पण काळ्या मातीचा ओला थर चिकटून राहिला की झपाट्याने गंजतो. बाहेरून उष्णतारोधक रंग मारला तरी आतून गंजायचा तो गंजतो. ४०९ ग्रेडचं स्टेनलेस वरून तांबूस होतं पण टिकतं; कंपन्या बहुतेक हेच वापरतात, आणि याला चुंबक चिकटतो म्हणून 'हे स्टेनलेस नाही' असं समजू नका. ३०४ ग्रेड गंजाला सगळ्यात चांगलं, किमतीला सगळ्यात वरचं. शिवाय ते तापल्यावर जास्त वाढतं: तीन मीटरचा पाईप ३०० अंशांनी तापला तर ३०४ सुमारे १५ मिलिमीटर लांब होतो, एमएस ११ मिलिमीटर. ही वाढ सामावून घ्यायला जागा ठेवली नाही, तर कुठलातरी वेल्ड फुटणारच.

जाडी १६ गेज, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास घ्या. पातळ पाईप हलका असतो, पण पहिल्याच गोट्यावर चेपतो. वापर शेताचा आणि बजेट बेताचं असेल तर मी ४०९ घेईन. ते मिळालं नाही तर जाड एमएस घेऊन पाच-सहा वर्षांत बदलायची तयारी ठेवीन.

मिस्त्री कसा निवडायचा

तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि गेट बनवणारे उत्तम वेल्डर असतात, पण पातळ स्टेनलेस पाईप हा वेगळा हात आहे. स्टेनलेससाठी आर्गन वेल्डिंग हवं. एमएसला सीओटू वेल्डिंग चालतं. नेहमीच्या रॉडच्या आर्क वेल्डिंगने दीड मिलिमीटरच्या पाईपात भोकं पडतात आणि आत गोळे तयार होतात. स्टेनलेसला एमएसचा फ्लँज (सांध्याला बोल्ट लावायची चकती) जोडायचा असेल तर ३०९ ची फिलर वायर लागते, हे मिस्त्रीला माहीत आहे का ते सहज विचारून बघा. उत्तरावरून माणूस कळतो. अशी सोय गावात नसेल तर बुटीबोरी, हिंगणा किंवा अमरावती, अकोल्याच्या एमआयडीसीच्या आसपास स्टेनलेसचं काम करणारी वर्कशॉप शोधा.

दुसरा प्रश्न वाकणाचा. वाळू भरून, गॅसने तापवून पाईप वाकवणारे जुने कारागीर अजून आहेत, आणि चांगल्या हाताने केलेलं वाकण वाईट नसतं. पण नुसत्या प्रेसवर दाबून वाकवलेला पाईप वाकणावर चपटा होतो. अडीच इंचीचे पैसे देऊन तिथे दोन इंचीच मिळतो. मँड्रेल बेंडचे, म्हणजे आत आधार घालून चपटा न होऊ देता वाकवलेल्या पाईपाचे, तयार तुकडे, ४५ आणि ९० अंशांचे, विकत मिळतात. ते मागवून जोडून घेणं सगळ्यात बरं. शक्य तिथे ९० अंशांच्या एका वाकणाऐवजी ४५ चे दोन घ्या.

सायलेन्सर काढून टाकू नका, चांगला घ्या. आतून सरळ जाळीदार नळी आणि भोवती उष्णतारोधक लोकर असलेला सायलेन्सर वायूला फार अडवत नाही आणि आवाजही आटोक्यात ठेवतो. लांबी जितकी जास्त तितकं बरं. ८०-९० च्या वेगाला, दोन हजार आरपीएमच्या आसपास, केबिनमध्ये घुमणारा आवाज हा स्वस्त आणि आखूड सायलेन्सरचा हमखास दोष आहे. तो नागपूरपर्यंतच्या एका फेरीतच डोकं उठवतो. सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या टोकाला तीनेक मिलिमीटरचं भोक असू द्या. सकाळी जमलेलं पाणी तिथून निघून जातं.

जुना काढताना

गाडी सिमेंटच्या कोब्यावर घ्या. वावरात, काळ्या मातीवर जॅक लावून खाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. नुसत्या जॅकवर विसंबू नका, चॅसिसखाली दोन घोड्या आणि चाकांना गोटे लावा. इंजिन पूर्ण थंड हवं.

आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. टर्बोजवळचे स्टड सगळ्यात जास्त तापलेले आणि म्हणून सगळ्यात ठिसूळ असतात. पाना लावून लगेच जोर करू नका. थोडं सैल, पुन्हा घट्ट, पुन्हा स्प्रे, असं करत काढा. नट गॅसने लाल करून सोडवणं हा शेवटचा उपाय, आणि तोही डिझेलची नळी, ब्रेकची नळी किंवा वायरिंग हाताच्या अंतरावर नसेल तरच. सेन्सर असतील तर ते आधी काढा आणि कनेक्टर कॅरीबॅगने झाकून ठेवा. हँगरच्या, म्हणजे पाईप टांगून धरणाऱ्या आधारांच्या, रबरांतून रॉड सुटत नसतील तर साबणाचं पाणी लावा, ऑइल किंवा ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

टर्बोचं तोंड उघडं पडलं की लगेच स्वच्छ फडक्याने बंद करा. आत एक छोटा वॉशर पडला तरी टर्बो खलास. फडकं रंगीत घ्या, म्हणजे बसवताना विसरणार नाही.

बसवताना: इथे घाई करू नका

बहुतेक वाईट कामं पाईपाच्या मापामुळे वाईट नसतात, बसवण्यामुळे असतात. आणि साध्या कारपेक्षा फोर-बाय-फोरमध्ये हे काम अवघड आहे, कारण खाली हलणारे भाग जास्त आहेत.

सगळं आधी सैल जोडा. टर्बोपासून मागे येत प्रत्येक तुकडा टॅक वेल्डने नुसता धरून ठेवा, पक्का करू नका. टर्बोनंतर थोड्या अंतरावर फ्लेक्सिबल पाईप, ज्याला गॅरेजमध्ये बेलो म्हणतात, तो हवाच. इंजिन माउंटिंगवर डुलतं, चॅसिस डुलत नाही. बेलो नसेल तर तो सगळा ताण टर्बोच्या फ्लँजवर येतो. बेलो सरळ रेषेत बसवा. वाकवून, पिळून बसवलेला बेलो वर्षभरात फाटतो.

आता मागचा अ‍ॅक्सल बघा. तो कुठपर्यंत वर येतो आणि कुठपर्यंत खाली लटकतो? गाडी चॅसिसवर उचलली की अ‍ॅक्सल खाली लटकतो, तेव्हा पाईप आणि अ‍ॅक्सल यांत जागा भरपूर दिसते. खरी अडचण उलट बाजूची असते: गाडी भरलेली, रपट्यावरून उतरताना पाटे पूर्ण दबलेले, तेव्हा अ‍ॅक्सल वर येऊन पाईपाला भिडतो. म्हणून एक चाक उंच ठोकळ्यावर चढवून, दुसरं खाली ठेवून, दोन्ही बाजूंनी तपासा. प्रॉपेलर शाफ्टही अ‍ॅक्सलबरोबर वरखाली होतो, त्याच्यापासून पाईप किमान दोन बोटं दूर हवा. पुढचा शाफ्ट विसरला जातो, तोही बघा.

बॉडी आणि पाईप यांत निदान २५ मिलिमीटर मोकळं असावं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिझेलच्या नळीपासून एक्झॉस्ट ३५ मिलिमीटरच्या आत असू नये असं म्हटलंय. हे कमीत कमी झालं. मी डिझेलची टाकी, ब्रेकची नळी आणि वायरिंग यांच्यासाठी दुप्पट अंतर धरतो आणि जमलं नाही तिथे मध्ये पत्र्याची हीट शील्ड लावायला सांगतो. शील्ड आणि पाईप यांच्या मध्ये हवा खेळली पाहिजे. पाईपाला चिकटवलेला पत्रा काहीच अडवत नाही.

पाईपाला कापडी पट्टी गुंडाळायची टूम आहे, ती आपल्याकडे नको. काळ्या मातीचा चिखल त्या पट्टीत भरतो आणि ओल धरून ठेवतो, पाईप आतल्या आत कुजतो आणि वरून पट्टी शाबूत दिसते. उष्णता अडवायची असेल तर शील्डच.

हँगर चॅसिसला, बॉडीच्या पत्र्याला नव्हे. कंपनीच्या हँगरच्या जागा शक्य तेवढ्या वापरा. रबर चांगलं, घट्ट घ्या. लटकणारा रॉड रबरात पुढेमागे सरकू शकेल असा ठेवा, वर सांगितलेले १५ मिलिमीटर कुठेतरी जायला हवेत ना. हँगरची शेवटची जागा गाडी चारही चाकांवर उभी असताना ठरवा.

शेपटीचा पाईप कुठे काढायचा? नियमानुसार धूर खाली किंवा डावीकडे सोडायचा नसतो. मागच्या चाकाच्या मागे, उजव्या बाजूला, बंपरच्या कडेपेक्षा वर, अशी जागा चांगली. नाल्याच्या काठावरून चढताना गाडीचं ढुंगण आधी टेकतं, तिथे लोंबणारा पाईप पहिल्या चढणीलाच वाकतो. पण त्याला घाबरून तो सीटच्या खालीच आखूड तोडू नका. कापडी हूड असलेल्या, मागून उघड्या गाडीत धूळ कशी आत ओढली जाते ते सगळ्यांनी पाहिलंय; धूरही त्याच वाटेने येतो, आणि मागे बाकड्यांवर बहुतेक वेळा पोरं बसलेली असतात.

वेल्डिंग गाडीवरच करायचं असेल तर बॅटरीचा निगेटिव्ह काढा, ईसीयूचे कनेक्टर सोडवा आणि वेल्डिंगची अर्थ क्लिप वेल्डच्या अगदी जवळ, त्याच पाईपाला लावा. गाडीखाली गंजरोधक काळं कोटिंग असेल तर ते पेट घेतं, म्हणून पाण्याची बादली आणि एक माणूस शेजारी उभा ठेवा. खरं तर टॅक झाल्यावर पाईप खाली उतरवून बाकावर पक्कं वेल्डिंग केलेलं कधीही चांगलं.

गॅस्केट सगळे नवे. जुनं दाबलेलं पॅकिंग पुन्हा वापरून वाचलेले शंभर रुपये नंतर दोन दिवसांच्या कामाने फिटतात. फ्लँजवर सिलिकॉन लावू नका, टर्बोजवळच्या उष्णतेत ते जळून जातं. बोल्टांना अँटी-सीझ लावा म्हणजे पुढच्या वेळी कापावे लागणार नाहीत. घट्ट करताना पुढून मागे या: आधी टर्बोचा फ्लँज, शेवटी शेपटी.

पहिल्यांदा सुरू करताना

थंड इंजिन सुरू करा आणि शेपटीच्या पाईपावर जाड ओलं फडकं काही सेकंद अर्धवट दाबा. कुठे गळत असेल तर फुसफुस ऐकू येते. प्रत्येक सांध्यावर साबणाच्या पाण्याचा फवारा मारला तर बुडबुडे दिसतात. हे सगळं पाईप तापायच्या आत, काही मिनिटांत उरका. इंजिनाजवळ 'टिक टिक' असा आवाज ओझ्यावर वाढत असेल तर मॅनिफोल्ड किंवा टर्बोचं पॅकिंग गळतंय, तिथे काही दिवसांत काजळीचा काळा पट्टाही उमटतो.

नंतर पंधरा मिनिटं चालू ठेवा. नव्या पाईपावरचं तेल आणि हाताचे ठसे जळून थोडा धूर, वास येतो, तो ठीक. गाडी पूर्ण थंड झाली की सगळे बोल्ट पुन्हा आवळा, आणि दीड-दोनशे किलोमीटर झाल्यावर आणखी एकदा. हे दुसरं आवळणं बहुतेक जण टाळतात आणि मग गॅस्केट फुटलं म्हणून मिस्त्रीला शिव्या घालतात.

पहिली फेरी सपाट रस्त्यावर करू नका. पांदणीवर, वळणावळणाच्या खड्ड्यांतून हळू न्या आणि परत येऊन खाली बघा. कुठे चकचकीत ओरखडा दिसला तर तिथे पाईप घासतोय. मग ट्रॉली लावून त्याच चढावर दाबाचा आणि तापमानाचा आकडा घ्या. पीयूसीही याच वेळी करून घ्या. धुराची मर्यादा बीएस ४ डिझेलला ५० एचएसयू (धुराचा काळेपणा मोजायचं एकक) आणि त्याआधीच्या गाड्यांना ६५ आहे. काम नीट झालं असेल तर आकडा वाढायला नको. वाढला तर पुन्हा एअर फिल्टर आणि इंजेक्टरकडे जा.

पावसाळा, नाला आणि वाळलेलं गवत

झडीच्या दिवसांत गाडी रोज धुणं होत नाही, पण शील्ड आणि पाईप यांच्या मध्ये बसलेला चिखल आठवड्यातून एकदा तरी पाण्याच्या नळीने काढा, आणि तोही पाईप थंड असताना. सिमेंटसारखी वाळलेली काळी माती पुढे निघत नाही आणि शील्डचे बोल्ट घेऊन तुटते.

नाल्यातून गाडी काढायची असेल तर आधी पाच मिनिटं थांबून एक्झॉस्ट निवू द्या. तापलेल्या कॅटॅलिस्टच्या आत चिनी मातीसारखी ठिसूळ जाळी असते, एकदम गार पाण्याने ती तडकते. पाण्यात लो रेंज, पहिला गियर, आरपीएम स्थिर. शेपटीचा पाईप बुडालेला असताना इंजिन बंद पडू देऊ नका, पाणी मागे सायलेन्सरमध्ये चढतं. बंद पडलंच तर लगेच सेल्फ मारू नका, आधी गाडी ओढून बाहेर काढा. पलीकडे गेल्यावर काही मिनिटं चालू ठेवली की आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं. रपट्यावरून पूर वाहत असेल तर हे सगळं विसरा आणि उभे राहा.

उन्हाळ्यात उलटी काळजी. गव्हाचं धसकट, वाळलेलं गवत, पऱ्हाटीचा ढीग यांच्यावर गरम गाडी उभी करू नका. डीपीएफवाल्या गाडीत गाळणी स्वतःला साफ करताना आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं, तेव्हा तर अजिबात नाही. मेळघाट, ताडोबाच्या बफरमध्ये किंवा गडचिरोलीच्या बाजूला राहणाऱ्यांनी फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत स्किड प्लेटवर (गाडीच्या पोटाखालच्या संरक्षक पत्र्यावर) अडकलेलं गवत दर फेरीनंतर हाताने काढावं. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या बीएस ६ गाड्यांची गाळणी भरत जाते. दर पंधरवड्याला हायवेवर वीसेक मिनिटं एका वेगात चालवली की बहुतेक वेळा डॅशबोर्डवरचा दिवा लागतच नाही.

कंपनीचा जुना सेट भंगारात देऊ नका. १५ वर्षांनी आरसीचं नूतनीकरण करताना, गाडी विकताना किंवा नव्या पाईपाचा एखादा वेल्ड ऐन पेरणीत फुटला तर तो लागतो. सायलेन्सरमधलं पाणी निथळू द्या, दोन्ही तोंडांत फडकी कोंबा म्हणजे उंदीर शिरणार नाहीत, बोल्ट एका डब्यात घालून डबा पाईपालाच तारेने बांधा, आणि सगळं गोठ्याच्या आढ्याला आडवं टांगून ठेवा.